एकवाहिनी व बहुवाहिनी संगणक वीजपुरवठा

एकवाहिनी वीजपुरवठा आणि बहुवाहिनी वीजपुरवठा हे डेस्कटॉप संगणकाच्या वीजपुरवठा संचाचे दोन प्रकार आहेत. या संचाला बाजारात एसएमपीएस म्हणतात. संचातून बाहेर पडणारी १२ व्होल्टची वीज एकाच सामाईक मार्गाने सर्व भागांना दिली, तर तो संच एकवाहिनी ठरतो. हीच वीज दोन किंवा अधिक गटांत विभागून प्रत्येक गटाच्या विद्युतधारेवर स्वतंत्र मर्यादा घातली, तर तो बहुवाहिनी ठरतो. अशा मार्गाला व्यवहारात ‘रेल’ असा शब्द रूढ आहे. या लेखात त्यासाठी ‘वाहिनी’ हा शब्द वापरला आहे.

वाहिन्यांची संख्या वाढल्याने संचाची एकूण शक्ती वाढत नाही आणि विजेची शुद्धताही बदलत नाही. बिघाड झाल्यास एखाद्या तारेतून किती धारा वाहू दिली जाईल आणि संच कोणत्या क्षणी बंद पडेल, एवढाच या दोन प्रकारांतील मुख्य फरक आहे. म्हणून हा विषय मूलतः सुरक्षिततेचा आहे.

वाहिनी म्हणजे काय

घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते. भारतात तिचा दाब २३० व्होल्ट व वारंवारता ५० हर्ट्‌झ असते. संगणकातील भागांना मात्र कमी दाबाची दिष्ट वीज लागते. वीजपुरवठा संच हे रूपांतर करतो आणि प्रामुख्याने ३.३, ५ व १२ व्होल्ट असे तीन दाब उपलब्ध करून देतो. यांपैकी प्रत्येक दाबाच्या सामाईक मार्गास वाहिनी म्हणतात. वाहिनी आणि वायर या दोन संज्ञा भिन्न आहेत. एकाच वाहिनीला अनेक वायरी जोडलेल्या असतात. १२ व्होल्टच्या वायरींचे आवरण परंपरेने पिवळे, ५ व्होल्टचे लाल, ३.३ व्होल्टचे नारिंगी आणि परतीच्या वायरींचे काळे असते.

‘एकवाहिनी’ आणि ‘बहुवाहिनी’ या संज्ञा केवळ १२ व्होल्टच्या वाहिनीसंबंधी वापरल्या जातात, कारण आधुनिक संगणकात बहुतेक सर्व वीज याच दाबाने वापरली जाते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसी या संगणकाचा वीजपुरवठा अवघ्या ६३.५ वॅटचा होता. त्यातील ३५ वॅट ५ व्होल्टच्या वाहिनीवर, तर २४ वॅट १२ व्होल्टच्या वाहिनीवर मिळत. तेव्हा १२ व्होल्टचा उपयोग मुख्यतः डिस्क फिरवणाऱ्या मोटारींसाठी होई. प्रोसेसर व इतर चिपा ५ व्होल्टवर चालत. १९९५ मध्ये इंटेल कंपनीने एटीएक्स हे मानक आणले, त्यानंतरही काही वर्षे हीच पद्धत टिकून होती.

प्रोसेसरची भूक वाढत गेली तशी ५ व्होल्टची पद्धत अपुरी पडू लागली. १०० वॅट शक्ती ५ व्होल्टने द्यायची तर २० अँपिअर धारा लागते. तीच शक्ती १२ व्होल्टने दिल्यास सुमारे ८.३ अँपिअर पुरते. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तीच तार ५ व्होल्टच्या व्यवस्थेत जवळजवळ पावणेसहा पट अधिक तापते. या कारणास्तव २००० साली एटीएक्स १२ व्ही हे सुधारित मानक आले आणि प्रोसेसरसाठी चार पिनांचा स्वतंत्र १२ व्होल्ट कनेक्टर देण्यात आला. मदरबोर्डवरील परिपथ ही वीज प्रोसेसरला लागणाऱ्या सुमारे एक-दीड व्होल्टपर्यंत उतरवतो.

२००३ मधील एटीएक्स १२ व्ही २.० या आवृत्तीत मुख्य कनेक्टर २० ऐवजी २४ पिनांचा झाला आणि १२ व्होल्टची वाहिनी दोन भागांत विभागली गेली. पहिली वाहिनी मदरबोर्ड व इतर उपकरणांसाठी, तर दुसरी प्रोसेसरसाठी होती. सर्व्हरसाठीच्या ईपीएस १२ व्ही या मानकाखालील संचांत चार वाहिन्याही आढळतात. २००७ मध्ये २.३ या आवृत्तीने प्रत्येक वाहिनीवरील सक्तीची मर्यादा काढून टाकली. तेव्हापासून एकवाहिनी आणि बहुवाहिनी असे दोन्ही प्रकार मानकात बसू लागले व निवड उत्पादकांवर आली.

२४० व्होल्ट-अँपिअरची मर्यादा

वाहिनी विभागण्याची कल्पना संगणकाच्या गरजेतून आलेली नव्हती. ती विद्युत सुरक्षेच्या मानकातून आली. माहिती तंत्रज्ञान उपकरणांसाठीच्या आयईसी ६०९५०-१ या आंतरराष्ट्रीय मानकात ‘धोकादायक ऊर्जा पातळी’ अशी संकल्पना आहे. २ व्होल्ट वा अधिक दाब असलेल्या ठिकाणी २४० व्होल्ट-अँपिअर किंवा त्याहून अधिक शक्ती ६० सेकंद वा अधिक काळ मिळू शकत असेल, तर ते ठिकाण धोकादायक मानले जाते.

१२ व्होल्टच्या विजेचा माणसाला सहसा झटका बसत नाही, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. परंतु झटका आणि उष्णता हे दोन वेगळे धोके आहेत. मोटारगाडीच्या बॅटरीचा दाबही १२ व्होल्टच असतो. तिच्या दोन टोकांवर चुकून पाना आडवा पडला तर तो क्षणात लाल होतो. अंगठी किंवा बांगडी अशा जागी अडकल्यास गंभीर भाजते. कमी दाबाची पण प्रचंड धारा देऊ शकणारी वीज अशा प्रकारे घातक ठरते.

२४० ला १२ ने भागल्यास २० अँपिअर मिळतात. वापरकर्त्याचा हात पोहोचू शकेल अशा कोणत्याही १२ व्होल्ट वाहिनीतून यापेक्षा अधिक धारा सतत मिळू नये, म्हणून एका मोठ्या वाहिनीच्या अनेक लहान वाहिन्या करण्यात आल्या. त्या काळातील अनेक संचांच्या माहितीपट्टीवर प्रत्येक वाहिनीपुढे १८ अँपिअर असा आकडा दिसतो, त्यामागे हेच कारण आहे.

अंतर्गत रचना

बहुवाहिनी संचात प्रत्येक वाहिनीसाठी वेगळे रोहित्र असते, असा समज प्रचलित आहे. तशी रचना अपवादानेच आढळते. बहुतेक संचांत १२ व्होल्टची वीज एकाच रोहित्राद्वारे व एकाच दिष्टीकरण परिपथातून तयार होते. त्यानंतर तिचे फाटे फुटतात. प्रत्येक फाट्यात अत्यल्प रोधाचा एक तुकडा बसवलेला असतो. त्यातून धारा वाहताना त्याच्या दोन टोकांमध्ये सूक्ष्म विभवांतर निर्माण होते. उदाहरणार्थ, रोध ०.००२ ओहम असेल, तर २० अँपिअर धारेला ०.०४ व्होल्ट विभवांतर मिळते. एक पर्यवेक्षक चिप हे विभवांतर सतत मोजत असते आणि ते ठरावीक मर्यादेपलीकडे जाताच संच बंद करते. या व्यवस्थेस अतिधारा संरक्षण किंवा ओसीपी म्हणतात.

ही व्यवस्था घरातील विजेच्या मांडणीशी ताडून पाहता येते. मीटरमधून घरात एकच जोडणी येते. पुढे दिव्यांसाठी ६ अँपिअरचा, गिझरसाठी १६ वा २० अँपिअरचा असे वेगवेगळे एमसीबी लावलेले असतात. एमसीबी लावल्याने घराला वीज अधिक मिळत नाही. फक्त दिव्याच्या बारीक तारेत बिघाड झाल्यास ती तार जळण्यापूर्वी तिचा पुरवठा तुटतो. बहुवाहिनी संचातील मर्यादा हेच काम करतात. एक फरक मात्र ध्यानात घ्यावा लागतो. घरात एक एमसीबी पडला तरी इतर खोल्यांत दिवे चालू राहतात. संगणकाच्या संचात कोणत्याही एका वाहिनीची मर्यादा ओलांडली गेली की संपूर्ण संच बंद पडतो. बहुधा मागील बटण बंद करून काही वेळाने पुन्हा चालू केल्याशिवाय तो सुरू होत नाही.

अतिधारा संरक्षणाखेरीज संचात आणखी दोन संबंधित व्यवस्था असतात. एकूण शक्ती ठरावीक मर्यादेपुढे गेल्यास अतिशक्ती संरक्षण संच बंद करते. दोन टोके थेट एकमेकांना चिकटून दाब कोसळल्यास शॉर्ट सर्किट संरक्षण कार्य करते. चांगल्या एकवाहिनी संचात या दोन्ही व्यवस्था असतात. नसते ती केवळ प्रत्येक गटाची वेगळी मर्यादा.

बिघाडाच्या वेळचा फरक

दोन्ही प्रकारांतील फरक पुढील काल्पनिक उदाहरणातून स्पष्ट होतो. ८५० वॅटचे दोन संच आहेत. पहिला एकवाहिनी असून त्याची १२ व्होल्टची वाहिनी ७० अँपिअरची आहे व तो ८४ अँपिअरला बंद पडतो. दुसरा बहुवाहिनी असून त्यात प्रत्येकी ३० अँपिअर मर्यादेच्या चार वाहिन्या आहेत. दोन्ही संचांवरील संगणक इतर कामांसाठी १० अँपिअर घेत आहेत. अशा वेळी डिस्ककडे जाणाऱ्या एका वायरीत बिघाड होतो.

पूर्ण शॉर्ट सर्किट: पिवळी व काळी वायर थेट चिकटली, तर धारा अतिशय वेगाने वाढते आणि दाब कोसळतो. दोन्ही संच तात्काळ बंद पडतात. या बाबतीत दोहोंत फरक नाही.

अर्धवट शॉर्ट सर्किट: कनेक्टरमधील प्लास्टिक करपून त्याचा कोळसा झाला आणि तेथे ०.३ ओहमचा रोध तयार झाला, असे समजू. ओहमच्या नियमानुसार तेथून ४० अँपिअर धारा वाहील आणि ४८० वॅट उष्णता निर्माण होईल. घरगुती इस्त्री साधारण ७५० ते १००० वॅटची असते. म्हणजे तिच्या निम्म्याच्या आसपास उष्णता नखाएवढ्या जागेत साठेल. बहुवाहिनी संचात ही धारा ३० अँपिअरची मर्यादा ओलांडत असल्याने तो बंद पडतो. एकवाहिनी संचाच्या दृष्टीने मात्र एकूण धारा १० अधिक ४०, म्हणजे ५० अँपिअरच आहे. जोरात चालणारे ग्राफिक्स कार्ड आणि जळणारी वायर यांत भेद करण्याचे साधन त्याच्याकडे नसते. तो वीज देत राहतो.

सौम्य गळती: बिघाडाच्या जागी रोध २ ओहम असेल, तर ६ अँपिअर धारा वाहते आणि ७२ वॅट उष्णता निर्माण होते. दुरुस्तीच्या दुकानातील साधे सोल्डरिंग आयर्न २५ ते ३५ वॅटचे असते हे लक्षात घेता ही उष्णताही प्लास्टिक वितळवण्यास पुरेशी आहे. तरीही दोन्हींपैकी एकही संच बंद पडत नाही. बहुवाहिनी रचना धोका कमी करते, नाहीसा करत नाही.

वायरीच्या बाजूने पाहिल्यासही हेच दिसते. संचांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या १८ गेजच्या तांब्याच्या वायरीचा रोध दर मीटरला सुमारे ०.०२१ ओहम असतो. तिच्यातून ५ अँपिअर धारा गेल्यास दर मीटरला सुमारे अर्धा वॅट उष्णता होते. ५० अँपिअर गेल्यास तीच उष्णता शंभर पट, म्हणजे ५० वॅटहून अधिक होते आणि वायरीचे आवरण वितळू लागते.

एकवाहिनी रचनेचे गुणदोष

एकवाहिनी रचनेचा मुख्य गुण सुटसुटीतपणा हा आहे. कोणता कनेक्टर कोणत्या वाहिनीवर आहे याचा विचार वापरकर्त्याला करावा लागत नाही. एकूण क्षमतेच्या मर्यादेत कोणत्याही भागाला हवी तेवढी धारा मिळते. पीसी पॉवर अँड कूलिंग या अमेरिकी कंपनीने याच मुद्द्यावर एकवाहिनी संचांचा जोरदार पुरस्कार केला होता. लहान संचांत हा प्रकार तितकासा चिंतेचा नसतो, कारण ३०० वॅटच्या संचाची संपूर्ण १२ व्होल्ट वाहिनीच २०-२५ अँपिअरची असते.

क्षमता वाढते तसा दोषही वाढतो. १००० वॅटच्या एकवाहिनी संचातील प्रत्येक बारीक वायरीमागे ८० अँपिअरहून अधिक धारा देऊ शकणारा स्रोत उभा असतो.

बहुवाहिनी रचनेचे गुणदोष

बहुवाहिनी रचनेत बिघाड लवकर ओळखला जातो. दोष उद्भवतो तो विभागणी अविचाराने केल्यास. २००४ नंतर एकाच संगणकात दोन ग्राफिक्स कार्डे बसवण्याची पद्धत आली. १८-२० अँपिअरच्या वाहिन्या असलेल्या संचात दोन्ही कार्डे एकाच वाहिनीवर आली, तर एकूण क्षमता शिल्लक असूनही संच बंद पडे. खेळ किंवा चित्रफीत संपादन सुरू होताच संगणक अचानक पूर्ण बंद होणे, ही या दोषाची खूण आहे. ग्राफिक्स कार्डाच्या दोन वायरी संचावरील वेगवेगळ्या वाहिन्यांच्या सॉकेटांत लावल्यास तो अनेकदा दूर होतो. बहुवाहिनी संचांविषयीचा दुर्लौकिक बराचसा याच काळातला आहे. पुढे उत्पादकांनी वाहिन्यांची मर्यादा ३० ते ४० अँपिअरपर्यंत वाढवली आणि ही अडचण कमी झाली.

दुसरा दोष नाममात्र बहुवाहिनी संचांचा. माहितीपट्टीवर दोन किंवा चार वाहिन्या छापलेल्या असतात, परंतु आत मर्यादा घालणारा परिपथच नसतो किंवा मर्यादा इतकी वर ठेवलेली असते की ती कधी गाठलीच जात नाही. किटकॅट फ्यूजमध्ये वितळतारेऐवजी जाड तार बांधावी, तसाच हा प्रकार आहे. फ्यूज दिसतो, पण तो उडत नाही.

काही संचांत दोन्ही पद्धतींची सोय असते. बी क्वाएट! या कंपनीच्या डार्क पॉवर प्रो मालिकेतील संचांत एका कळीने अनेक वाहिन्या एकत्र करता येतात. कॉर्सेअरच्या एएक्सआय मालिकेत संगणकप्रणालीद्वारे वायरनिहाय मर्यादा ठरवता येते.

प्रचलित गैरसमज

बहुवाहिनी संचात प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डाला वेगळी आणि अधिक स्वच्छ वीज मिळते, असे सांगितले जाते. वाहिन्या एकाच स्रोतातून निघत असल्याने दाबाची स्थिरता व तरंग दोन्ही प्रकारांत सारखेच राहतात. ते रचनेच्या गुणवत्तेवर अवलंबून असतात.

वाहिनी विभागल्याने शक्ती ‘अडकून पडते’ हा आक्षेपही सर्वस्वी खरा नाही. सुयोग्य रचनेत सर्व वाहिन्यांच्या मर्यादांची बेरीज संचाच्या एकूण क्षमतेहून अधिक असते. त्यामुळे एका वाहिनीने न वापरलेली शक्ती दुसरीला उपलब्ध राहते.

घरच्या विजेचा दाब कमी-जास्त होण्याशी वाहिन्यांच्या संख्येचा काही संबंध नाही. त्यासाठी स्टॅबिलायझर किंवा यूपीएस यांचाच विचार करावा लागतो.

माहितीपट्टीचे वाचन

संचाच्या बाजूस चिकटवलेल्या पट्टीवर प्रत्येक वाहिनीची कमाल धारा व १२ व्होल्टची एकत्रित कमाल शक्ती दिलेली असते. वाहिन्यांच्या आकड्यांची बेरीज करणे चुकीचे ठरते. दोन वाहिन्यांपुढे १८-१८ अँपिअर आणि एकत्रित शक्ती ३६० वॅट असे लिहिले असेल, तर मिळणारी एकूण धारा ३६ अँपिअर नसून ३६० भागिले १२, म्हणजे ३० अँपिअर असते. ठळक अक्षरांत छापलेल्या एकूण वॅटच्या आकड्यापेक्षा ही १२ व्होल्टची एकत्रित शक्ती अधिक महत्त्वाची आहे, कारण प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड तिच्यावरच चालतात.

भारतातील संदर्भ

भारतात इलेक्ट्रॉनिक व माहिती तंत्रज्ञान वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ साली निघाला. त्याखाली संगणकांसाठी आयएस १३२५२ (भाग १) हे भारतीय मानक लागू झाले. हे मानक आयईसी ६०९५०-१ वर आधारलेले असल्याने २४० व्होल्ट-अँपिअरची संकल्पना भारतीय मानकातही आली. आंतरराष्ट्रीय स्तरावर पुढे आयईसी ६२३६८-१ या मानकाने जुन्या मानकाची जागा घेतली.

हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी शाळांचे संगणक कक्ष, सेवा केंद्रे व कार्यालये येथील संगणकांत सहसा वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते. असा संगणक साधारणतः १०० वॅटच्या आतबाहेर वीज घेतो, म्हणून तेथे वाहिन्यांच्या संख्येचा प्रश्न क्वचितच उद्भवतो. संरक्षण परिपथ मुळात आहेत की नाहीत, हा प्रश्न तेथे अधिक मोलाचा ठरतो. कॅबिनेटसोबत मिळालेल्या संचावरच पुढे ग्राफिक्स कार्ड बसवले जाते, किंवा जुन्या चार पिनी कनेक्टरला स्वस्त अडॅप्टर लावून साटा डिस्क जोडली जाते, तेव्हा मात्र हा विषय प्रत्यक्ष महत्त्वाचा होतो. साटा कनेक्टरची १२ व्होल्टची क्षमता ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट एवढीच आहे. साच्यात प्लास्टिक ओतून बनवलेल्या अडॅप्टरांत वायरी एकमेकींना चिकटून ते पेटल्याचे प्रकार घडलेले आहेत. वर वर्णन केलेले अर्धवट शॉर्ट सर्किट बहुधा अशाच जागी उद्भवते.

अलीकडील बदल

२०२२ च्या एटीएक्स ३.० मानकाने ग्राफिक्स कार्डासाठी १२ व्ही एचपीडब्ल्यूआर हा नवा कनेक्टर स्वीकारला. त्यातून ६०० वॅट, म्हणजे ५० अँपिअर धारा देता येते. ४५० वॅटहून मोठ्या संचांनी १०० मायक्रोसेकंदांपुरती घोषित क्षमतेच्या दुप्पट शक्तीही पेलावी, अशी अपेक्षा या मानकात आहे. एवढी धारा एकाच कनेक्टरला द्यायची असल्याने त्या वाहिनीची मर्यादा २० किंवा ३० अँपिअर ठेवणे अशक्य झाले. एकवाहिनी संचांचे प्रमाण वाढण्यामागे हे एक कारण आहे. इतर कनेक्टरांसाठी मात्र कमी मर्यादेची वेगळी वाहिनी ठेवणे आजही शक्य आहे.

२०२२ च्या अखेरीस आलेल्या काही ग्राफिक्स कार्डांवर हे कनेक्टर वितळल्याची उदाहरणे पुढे आली. त्यानंतर २०२३ च्या एटीएक्स ३.१ मध्ये कनेक्टरची सुधारित रचना देण्यात आली. या घटनांनी वाहिनी-मर्यादेची सीमाही दाखवून दिली. कनेक्टरच्या सहा पिनांत ५० अँपिअर समान वाटले गेल्यास प्रत्येक पिनेला सुमारे ८.३ अँपिअर येतात. कनेक्टर पुरता न बसल्यास संपर्काच्या जागी रोध वाढतो आणि काही पिनांवर जादा भार पडतो. एकूण धारा मर्यादेतच असल्याने एकवाहिनी वा बहुवाहिनी, कोणत्याही संचाला हा बिघाड कळत नाही. अशा ठिकाणी कनेक्टर शेवटपर्यंत घट्ट बसवणे हाच पहिला बचाव ठरतो.

इंटेलने २०१९ मध्ये मांडलेल्या एटीएक्स १२ व्ही ओ या मानकात संचातून केवळ १२ व्होल्टच बाहेर पडतात आणि इतर दाब मदरबोर्डवर तयार होतात. संगणकाची सर्व वीज १२ व्होल्टनेच वाहिली जाणार असल्याने तिच्या विभागणीचा व मर्यादेचा प्रश्न यापुढेही महत्त्वाचा राहणार आहे.

हेही पहा

ओहमचा नियम
प्रत्यावर्ती विद्युतधारा
वितळतार
रोहित्र
मदरबोर्ड
ग्राफिक्स कार्ड